उतारावरचा दुसरा गिअर

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी घातली. मालक भला माणूस. ड्रायव्हर बदलण्याऐवजी त्यांनी गाडी बदलली. सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरची, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल ऑटोमॅटिक. कराड-चिपळूण हा आमचा नेहमीचा रस्ता. म्हणजे कुंभार्ली घाट आलाच, आणि तो मी जन्मभर डाव्या पायाच्या जिवावर उतरलो.

चढणीला माझी तक्रार नाही. पोफळी सोडली की स्पोर्ट मोड लावतो. गाडी वरचा गिअर टाकायची घाई करत नाही, आणि उसाच्या ट्रकला मागे टाकायचं तर ताकद पायाखाली तयार असते. खरा प्रश्न उतरताना येतो. डीमध्ये ठेवून पाय उचलला की गाडीला वाटतं, आता काम संपलं. ती वरचा गिअर घेते आणि सुटते. स्पोर्टमध्ये ती निदान तिसरा धरून ठेवते. पण त्या नागमोडी वळणांना तिसरा पुरत नाही, दुसरा लागतो. तो गाडी आपण होऊन देईल याचा भरवसा नाही, म्हणून लिव्हर बाजूला ढकलून वजा करून मागून घ्यावा लागतो.

मागणं आणि मिळणं यांच्यात जे अंतर पडतं, त्यानं माझी झोप उडवली आहे. क्लचच्या गाडीत ते अंतर माझ्या पायात होतं. अ‍ॅक्सिलरेटरला हलकी टिचकी, क्लच सोडताना अर्ध्यावर क्षणभर दम, आणि गिअर बसला हे गाडीतल्या कुणाला कळायचंही नाही. आता मी मागतो, कॉम्प्युटर विचार करतो, मग देतो. वेग जास्त असेल तर काटा लाल पट्ट्यात जाईल म्हणून सरळ नाकारतो. वेग फार उतरलेला असेल तर कन्व्हर्टरचं कुलूप सुटतं, पकड तेलातून येते, आणि इंजिन गाडीला धरल्यासारखं करतं पण धरत नाही. या दोन्हींच्या मधल्या एका अरुंद जागेत दुसरा मागायचा असतो.

मागायचा कुठे, हे शोधण्यात माझा पूर्ण पावसाळा गेला. वळणात मागितला तर मागच्या सीटवरच्या माणसाची मान पुढे झुकते. त्याहून वाईट म्हणजे इंजिनाची ओढ फक्त मागच्या चाकांवर येते, आणि जुलैतल्या ओल्या, शेवाळलेल्या रस्त्यावर तेवढ्यानं गाडीचं बूड बाहेर सरकू शकतं. वळणाच्या फार आधी, सरळ रस्त्यावर मागितला तर इंजिन उगाच ओरडतं आणि मागून येणाऱ्याला कळत नाही आपण हळू का झालो, कारण ब्रेकचा दिवा लागलेलाच नसतो. शेवटी जागा सापडली ती ब्रेकच्या शेपटीत. वळणाआधी सरळ रस्त्यावरच ब्रेक दाबायचा, वेग पस्तिशीच्या आसपास आला की पाय सैल करायला लागायचा, आणि पाय अजून अर्धा दाबलेला असतानाच वजा. ब्रेकची ओढ ओसरत असते तेव्हाच गिअरची ओढ चढते. काटा दीड हजारावरून दोन हजारांच्या थोडा वर जातो, आवाज बदलतो, पण पुढच्या ट्रेमधल्या बाटलीतलं पाणी हलत नाही. जमतं तेव्हा असं जमतं. रोज जमत नाही. इंजिन थंड असेल, गाडीत सात माणसं बसली असतील, की ती जागा हातभर पुढेमागे होते.

मला अभिमान आहे, तो लपवत नाही. वळणं संपून अलोरे आलं की मी आरशात बघतो, मागची माणसं झोपलेली आहेत का. झोपलेली दिसली की छाती भरून येते. एकदा मालकांच्या आई जाग्या होऊन म्हणाल्या, "घाट गेला का रे?" त्यानंतर कितीतरी दिवस मी ते वाक्य भेटेल त्याला ऐकवत होतो. त्याच घाटातून दुसरा कुणी उतरला आणि त्याच्या गाडीत कुणाला उलटी झाली हे कानावर आलं, की मला बरं वाटतं. हे चांगलं नाही, पण वाटतं.

भाचा पुण्यात भाड्याची गाडी चालवतो. तो म्हणतो, "मामा, डीमध्ये टाका आणि ब्रेकवर उतरा. एबीएस दिलाय कशाला?" एबीएस चाक अडकू देत नाही, लायनर तापायचे ते तापतातच. त्याच्या वयाच्या मुलांना पॅडल हवेत ते आवाज काढायला, आणि स्पोर्ट मोड सिग्नलवरून सुटायला. उतारावर त्यांचा पाय अखंड ब्रेकवर, आणि अर्ध्या घाटात जळका वास. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे तर त्याहून घातकी. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय उचलला की आताची इंजिनं इंधन बंदच करतात; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते प्यावंच लागतं. म्हणजे डिझेलही जातं आणि गाडीही हातात राहत नाही. डबल क्लच मारून जीप उतरवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना यातलं काही शिकवावं लागलं नव्हतं.

२०१४ साली सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडे आली तेव्हा पुष्कळांनी तिला ऑटोमॅटिक म्हणून घेतलं. माझ्या मते ती घाटाची गाडी नव्हे. तिच्यात क्लच असतोच, फक्त तो मशीन दाबतं. आणि गिअर बदलताना जेवढा वेळ तो दाबलेला, तेवढा वेळ उतारावर गाडी मोकळी. तिथे दुसरा आणखी आधी, ब्रेक पुरता दाबलेला असतानाच मागायला हवा.

भाच्यानं आता सीव्हीटीची गाडी घेतली आहे. पट्टा आणि दोन पुली, गिअरच नाहीत. एलमध्ये टाकली की आवाज आधी चढतो, ओढ मागाहून येते, आणि झटका कुठेच नसतो. त्याला वाटतं, मामाची विद्या संपली. मी ती गाडी कुंभार्लीतून उतरवून पाहिली. झटका नाही हे खरं, पण ओढ इतकी हळू चढते की वळण येतं तेव्हा ती अर्धीच आलेली असते. म्हणजे मागायची जागा तिथेही आहे, बरीच अलीकडे. माझ्या अंदाजानं आधीच्या वळणातून बाहेर पडतानाच. दिवाळीत तो येईल तेव्हा गाडी पुन्हा मागून घेणार आहे.