रात्री अडीचला हाक कुणाला मारायची?

चि. छकुली,


काल फोनवर तू अगदी सहज म्हणालीस, ‘मावशी, त्या रात्री दादांचे हात ओढणीने पलंगाला बांधले. दुसरं करणार काय?’ मला रात्रभर चैन पडेना. रागावले, खोटं कशाला बोलू. पण तुझ्यावर कमी. घरी बसूनच ‘घरी जायचंय’ म्हणत ते दाराशी झटतात, अडवलं की हात उगारतात. एकट्या पोरीने करायचं काय?

दवाखान्यात नेलंस, त्यांनी सुई टोचून झोपवलं आणि सकाळी परत पाठवलं. लघवी तपासली का गं कुणी? वॉर्डात जन्म गेला माझा. दादांचा हा डिमेन्शिया, विसरण्याचा आजार, हळूहळू वाढतो, दोन दिवसांत असा उसळत नाही. उसळला की आधी शरीर बघायचं: लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट, पाणी कमी, छातीत कफ, एखादी नवी गोळी. अशा अचानक उसळण्याला डिलिरियम म्हणतात. कारण सापडलं तर माणूस पुष्कळदा पहिल्यासारखा होतो. झोपवून ठेवलं तर ते कारण आत तसंच राहतं. शिवाय मनोविकाराच्या काही गोळ्यांनी अशा म्हाताऱ्यांच्या जिवाला धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 सालीच दिलाय. (म्हणून लगेच आपल्या मनाने गोळ्या बंद करू नकोस हं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.)

आणि वाद घालू नकोस त्यांच्याशी. ‘जाऊ या, आधी चहा घेऊ,’ म्हण. दिवे लाव, चपला घाल, अंगणात एक फेरी मार. आक्कांना अशाच आजारात आपण कसं सांभाळायचो, आठव. त्यांचं विहिरीपाशी काय झालं तेही आठव, आणि दाराची कडी वर लावून घे.

सरकारने ज्येष्ठांसाठी 14567 एल्डरलाइन काढली, चांगलं केलं. पण ती सकाळी आठ ते रात्री आठ! या आजाराचं तर दिवेलागणीनंतरच बिनसतं. 14416 टेलिमानस रात्रभर चालू असते, बोलायला माणूस मिळतो, लिहून ठेव. पण फोनवरचा माणूस उंबऱ्याशी येऊन नाडी बघत नाही. अडलेल्या बाळंतिणीसाठी दारात गाडी येते, आशाताई येते. अडलेल्या म्हाताऱ्यासाठी का नाही? देशात साठीपुढचे 88 लाख लोक डिमेन्शियाने आजारी आहेत, असा 2023 सालचा अंदाज. प्रत्येक तालुक्याला रात्री घरी येणारी एक जाणती नर्स द्या म्हणावं, निम्मे हात बांधायची वेळच येणार नाही. भेटेल त्याला मी हे ऐकवते. लोक आता मला बघून रस्ता बदलतात.

तू जेवतेस का वेळेवर? अमेरिकेतल्या चिरंजीवांना सांग, व्हिडिओ पाठवणं पुरे, रात्रीच्या आयाचे पैसे पाठव.

उद्या सकाळी आधी लघवी तपासायला दे आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांना दाखव. दादांच्या खिशात नाव, पत्ता, फोनची चिठ्ठी ठेव. पुन्हा तशी रात्र आली तर ओढणी शोधू नकोस, मला फोन कर. मी जागीच असते.

तुझी,
मावशी