साबरमतीकाठची कलाशाळा

पालीताण्याच्या यात्रेस निघालेली महाराष्ट्रातील अनेक जैन कुटुंबे वाटेत अहमदाबादेत एक-दोन दिवस थांबतात. दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंहांच्या जिनमंदिरात श्री धर्मनाथ भगवानांचे दर्शन, पालडीतील आप्तांकडे मुक्काम, माणेक चौकात थोडी खरेदी, असा हा क्रम ठरलेला असतो. त्याच पालडीत, साबरमतीच्या पश्चिम तीरावर, राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे प्रांगण आहे. घरातील मुलाने वा मुलीने बारावीनंतर डिझाइन शिकण्याचा हट्ट धरला असेल, तर या प्रवासात एक दिवस या परिसरासाठी राखून ठेवावा. चार वर्षे आणि मोठी रक्कम कोठे गुंतवावयाची, हा निर्णय माहितीपत्रकावरून घेण्यापेक्षा स्थळ पाहून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

संस्थेची जन्मकथा व्यापारी समाजास जवळची वाटावी अशी आहे. 1958 मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य देशभर हिंडले. त्यांनी सादर केलेल्या अहवालात ज्या वस्तूचे मनापासून कौतुक केले, ती वस्तू म्हणजे आपल्या घरोघरी असणारा साधा लोटा. पिढ्यान्‌पिढ्या वापरातून, हाताच्या पकडीतून आणि कडेवर नेण्याच्या सोयीतून घडलेला तो आकार त्यांना उत्तम रचनेचा आदर्श वाटला. पुढे 1961 मध्ये संस्था स्थापन झाली. तिची उभारणी केली ती अहमदाबादच्या साराभाई या जैन गिरणीमालक घराण्यातील गौतम आणि गिरा या भावंडांनी. विशेष म्हणजे ही संस्था शिक्षण खात्याच्या नव्हे, तर केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. येथे शिकविले जाणारे शास्त्र बाजारपेठेशी आणि कारखान्याशी निगडित असावे, हा हेतू आरंभापासूनच होता. स्टेट बँकेचे निळे वर्तुळ आणि दूरदर्शनचे बोधचिन्ह या दोन्ही गोष्टी याच प्रांगणात जन्मल्या, हे अनेकांस ठाऊक नसते.

प्रांगणाच्या शेजारीच ल कार्बुझिए यांनी आखलेले, खांबांवर उभे असलेले विटांचे संस्कार केंद्र आहे. मात्र पालकांनी अधिक लक्ष द्यावे ते संस्थेच्या कार्यशाळांकडे. सुतारकाम, धातुकाम, मातीकाम, हातमाग आणि कापडछपाई यांची येथे स्वतंत्र व्यवस्था आहे. पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असून पहिले वर्ष सर्वांना समान असते. त्यात रेखाटन, रंग, आकार आणि निरीक्षण यांचा पाया घातला जातो. त्यानंतर वस्त्र, मृत्तिकाशिल्प, फर्निचर, औद्योगिक वस्तू, दृक्‌संवाद अशा शाखा निवडता येतात. विद्यार्थी गावोगावच्या कारागिरांकडे जाऊन त्यांच्या कलेची नोंद करतात आणि अखेरच्या टप्प्यात एखाद्या उद्योगासाठी प्रत्यक्ष काम करून दाखवितात. बारावीची शाखा कोणतीही चालते. त्यामुळे वाणिज्य शाखेतील मुलांनाही दार बंद नाही. मात्र प्रवेशपरीक्षेत पाठांतराचा उपयोग नसतो. तेथे नजर आणि हात यांचीच कसोटी लागते.

याची दुसरी बाजू पाहावयाची असेल, तर सुमारे 125 किलोमीटरवरील पाटणला जावे. आचार्य हेमचंद्रांचे शिष्य राजा कुमारपाल यांनी बाराव्या शतकात पटोळे विणणारी सातशे साळवी कुटुंबे जालन्याहून तेथे आणून वसविली, असे परंपरा सांगते. उभे आणि आडवे असे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच बांधून, रंगवून, मागावर नक्षी अचूक जुळवावयाची, ही ती विद्या. एका साडीस कित्येक महिने लागतात. हे कौशल्य कोणत्याही महाविद्यालयाने दिले नाही. ते घरातच, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली उतरले. हठीसिंहांच्या मंदिराचेही तसेच. शेठ हठीसिंहांच्या निधनानंतर हरकुंवर शेठाणींनी 1848 मध्ये ते पूर्णत्वास नेले. त्यातील बावन्न देवकुलिकांचे संगमरवर कोरणारे सोमपुरा शिल्पी वंशपरंपरेनेच शिकलेले होते.

मग महाविद्यालयाचे मोल कशात? घरची विद्या खोल असते, पण बहुधा एकाच मार्गाने जाते. मंडईतल्या जुन्या कापडपेढीवरचा मुलगा पोत बोटांनी ओळखतो, मात्र तेच कापड वेगळ्या गिऱ्हाइकासाठी, वेगळ्या उपयोगासाठी कसे बदलावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. चांगली कलाशाळा हा प्रश्न विचारण्याची शिस्त लावते. उलट ज्याला घरी बसून एक वस्तूही स्वतः करून पाहावीशी वाटली नाही, त्याला कोणत्याही नामांकित प्रांगणातून ती ओढ विकत मिळत नाही.

म्हणून पारख दोन्हीकडून व्हावी. अहमदाबाद असो, 1857 मध्ये सुरू झालेले मुंबईचे जे. जे. असो, की जिल्ह्याच्या ठिकाणचे नवे खाजगी महाविद्यालय असो, प्रश्न तेच. कार्यशाळा दिवसातून किती वेळ उघड्या असतात? यंत्रांवर धूळ आहे की भुसा? शिक्षक स्वतः काम करतात का? शेवटच्या वर्षाची मुले आपले काम कसे समजावून सांगतात? अगोदर परवानगी घेऊन गेल्यास हे सारे पाहता येते. शुल्काखेरीज साहित्याचा खर्च, वसतिगृह, कंदमूळरहित भोजनाची आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय, यांचीही स्पष्ट चौकशी करावी. रेशीम आणि चामड्यावरील कामाविषयी मुलाच्या मनात अहिंसेचा प्रश्न असेल, तर तोही तेथे मोकळेपणे मांडावा. वस्तू कशापासून बनते याचा विचार हा डिझाइनच्या अभ्यासाचाच भाग आहे.

दुसरी पारख मुलाची. गेल्या वर्षभरात कोणीही न सांगता त्याने काय काय घडविले, ते एका टेबलावर मांडण्यास सांगावे. टेबल भरले, तर दुकानाच्या गल्ल्यातून चार वर्षांचा खर्च काढण्यास हरकत नाही. ते रिकामे राहिले, तर रागावू नये. एक वर्ष एखाद्या रंगाऱ्याकडे, सुताराकडे वा छापखान्यात काम करू द्यावे आणि मग पुन्हा विचारावे. व्यापाऱ्याच्या घरात माल पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. येथे तर स्वतःच्या अपत्याच्या आयुष्याचा सौदा आहे.