गाझीपूर ते कर्नाल

म्हशीच्या पुनरुत्पादनावर उत्तर भारतात झालेले प्रबंध चाळले, तर ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणात एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं. अंडाशय कत्तलखान्यातून गोळा करण्यात आले आणि कोमट सलाइनमधून ठरावीक तासांच्या आत प्रयोगशाळेत आणण्यात आले. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, प्रयोग मात्र कर्मणीच. कोणी गोळा केले, कोणी आणले, रस्त्यात काय झालं, याला त्यात जागा नसते. माझ्या प्रबंधातही ते वाक्य आहे. दीड ओळीचं. त्या दीड ओळीत माझं एक अख्खं वर्ष गेलं.

उदगीरहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी २०१६ मध्ये कर्नालला आले, राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत. आमच्याकडच्या मुलांना तेव्हा कर्नाल म्हणजे गरिमा. ६ जून २००९ रोजी तिथे जन्मलेली क्लोन केलेली म्हैस. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिच्या आधीचं पारडू जन्मून काही दिवसांत गेलं होतं. गरिमा थोडी जास्त जगली, तिच्या पुढची गरिमा-२ तर मोठी होऊन व्याली आणि २०१३ च्या जानेवारीत तिला महिमा झाली. या पद्धतीत महागडं यंत्र लागत नव्हतं. बीजांडाचं कवच विरघळवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने केंद्रकाचा भाग हातानेच कापून टाकायचा आणि उरलेल्या भागाला दुसऱ्या म्हशीची साधी पेशी चिकटवून विजेचा हलका झटका द्यायचा. हाताने! ज्यांचं बालपण धारा काढण्यात गेलंय त्यांना हा शब्द आपलासा वाटतो.

माझ्या वाट्याला क्लोनिंग आलं नाही. विषय साधा होता: उन्हाळ्यात मिळणारी बीजांडं आणि हिवाळ्यात मिळणारी बीजांडं यांच्या वाढीत किती फरक पडतो. म्हैस उन्हाळ्यात माजावर येत नाही, आली तरी गाभण राहत नाही, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. ते आकड्यांत मांडायचं होतं, एवढंच. पण त्यासाठी दोन्ही ऋतूंत, दर आठवड्याला, ताजे अंडाशय हवेत. जीवशास्त्रात ‘संशोधनाची संधी’ म्हणतात तिचा अर्थ मला इथे कळला. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, मार्गदर्शक चांगले मिळाले, तरी हाताशी माल नसेल तर संधी कागदावरच राहते. दिल्लीत रोगप्रतिकारशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत माझी एक मैत्रीण होती; तिचे उंदीर संस्थेच्याच प्राणिगृहात वाढायचे, त्यांची जन्मतारीख तिला पाठ असायची. आमचा माल गाझीपूरहून यायचा.

गाझीपूर म्हणजे दिल्लीचं पूर्वेचं टोक. २००९ मध्ये ईदगाहचा जुना कत्तलखाना बंद झाला आणि इथे आला. शेजारी कोंबड्यांचा आणि मासळीचा बाजार, फुलांची मंडई, आणि या सगळ्यावर सावली धरून उभा असलेला कचऱ्याचा डोंगर. १९८४ पासून शहर तिथे कचरा टाकतंय. वर घारी इतक्या की आकाश ढवळल्यासारखं दिसतं. १ सप्टेंबर २०१७ ला त्या डोंगराचा एक भाग कोसळला आणि दोन माणसं दगावली. त्या आठवड्यात आमची खेप नव्हती.

मध्यरात्रीनंतर कर्नालहून निघायचं, सोबत एखादा सीनिअर आणि दोन मोठे थर्मास. आत अँटिबायोटिक घातलेलं सलाइन, साधारण पस्तीस अंशांवर. पोटातले अवयव वेगळे करतात त्या भागात एक वयस्कर गृहस्थ काम करायचे. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. ते गर्भाशय उचलायचे, बोटाने चाचपायचे आणि दोन झटक्यांत दोन्ही अंडाशय माझ्या हातावर ठेवायचे. बदामापेक्षा थोडा मोठा, टणक आणि ऊन गोळा. हातमोज्यातूनही ऊब कळायची. गाभण गर्भाशय असलं तर ते मला न दाखवता बाजूला सरकवायचे. मी पशुवैद्य आहे हे त्यांना माहीत होतं. तरीही.

पुढचं सगळं तापमानाशी भांडण. जानेवारीच्या धुक्यात थर्मास शालीत गुंडाळून मांडीवर घ्यायचा, मे महिन्यात गाडीतली सावलीची बाजू शोधायची. जनावराच्या पोटातून निघाल्यापासून पाच तासांत अंडाशय प्रयोगशाळेच्या टेबलावर हवेत. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण दिल्लीतून बाहेर पडणं हाच निम्मा प्रवास. या रस्त्यावर मराठी माणसाचं डोकं आपोआप इतिहासात शिरतं. डावी-उजवीकडे बुराडी येतं, जिथे १७६० च्या जानेवारीत दत्ताजी पडले, मग पानिपत, आणि कर्नालच्या पलीकडे कुंजपुरा, जे मराठ्यांनी पानिपताआधी जिंकलं होतं. एकदा पानिपतच्या उड्डाणपुलाखाली ट्रक उलटला आणि आम्ही अडीच तास अडकलो. त्या दिवशीच्या एकाही बीजांडाची वाढ झाली नाही. वसतिगृहावर मराठी मुलांनी काय विनोद केला असेल ते सांगायला नको.

आता हिशेब सांगते, कारण बाहेरच्यांना तो खरा वाटत नाही. साठ अंडाशय म्हणजे तीस म्हशी. एकेका पुटकात सुई घालून द्रव ओढला की शंभरेक बीजांडं हाती लागायची. गायीच्या तुलनेत म्हशीच्या अंडाशयात मुळातच ती कमी. त्यातली सत्तर वापरण्याजोगी. चोवीस तास साडेअडतीस अंशांवर पक्व करायची, मग शुक्राणूंशी गाठ घालायची. तीस-चाळीस विभाजित व्हायची आणि आठव्या दिवशी नीट वाढलेले गर्भ उरायचे आठ किंवा दहा. हे हिवाळ्यात. उन्हाळ्यात दोन, कधी शून्य.

प्रबंधासाठी नीतिविषयक समितीचा फॉर्म भरावा लागतो. कत्तलखान्यातल्या अवयवांवर काम असेल तर काम सोपं होतं, कारण या संशोधनासाठी कोणताही प्राणी मारलेला नसतो. वाक्य शंभर टक्के खरं आहे. मी सही केली आणि आजही करेन. पण त्या तीस म्हशींची काहीच नोंद माझ्याकडे नव्हती. वय नाही, वेतं नाहीत, गाव नाही. विज्ञानाच्या दृष्टीनेही ही उणीवच, परीक्षकांनी ती विचारलीही. आमच्या घरी जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. म्हैस जाते, दावं खुंटीला राहतं. वडिलांनी भाकड झालेली म्हैस बाजारात नेली की परत येताना त्यांच्या खांद्यावर ते असायचं आणि ती पुढे कुठे गेली हे घरात कोणी विचारायचं नाही. गाझीपूरला मी जे पाहत होते ते त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं, एवढं मला पहिल्याच खेपेला कळलं.

माझा उन्हाळा आला तो २०१७ चा. मार्चमध्ये उत्तर प्रदेशात सरकार बदललं आणि बेकायदा कत्तलखाने बंद करण्याची मोहीम सुरू झाली. वाहतूकदार धास्तावले. २३ मे रोजी केंद्राने गुरांच्या बाजारांसाठी नवे नियम काढले. कत्तलीसाठी जनावरं बाजारात विकायला मनाई, आणि त्यात म्हशीही आल्या. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांना देशभर स्थगिती दिली, पण माझ्या प्रयोगाचे महिने एप्रिल ते जून होते. साठांऐवजी कधी वीस अंडाशय मिळाले, कधी बारा. एकदा आम्ही रिकामे थर्मास घेऊन परतलो. नियमांच्या बाजूने आणि विरोधात वर्तमानपत्रांत खूप लिहून आलं. त्यात चाचांसारख्या माणसांची रोजंदारी क्वचित होती आणि आमचे प्रबंध तर कुठेच नव्हते. ते ठीकच. माझा एक ऋतू गेला असता तर फार तर पदवी लांबली असती. चाचा त्या दिवसांत म्हणाले, “आप तो अगले साल फिर आ जाओगी, बिटिया.” ते स्वतःबद्दल काही बोलले नाहीत.

मार्गदर्शकांनी मग वाट काढली. दर खेपेचा आकडा लहान झाला, खेपा वाढल्या, आणि संख्याशास्त्राच्या सरांनी विश्लेषणाची पद्धत बदलून दिली. उन्हाळ्यातली बीजांडं कमी वाढतात असा निष्कर्ष निघाला. आजीला फोनवर सांगितला, तर ती म्हणाली, “मग?”

शेवटच्या खेपेला, थंडीत, चाचांनी विचारलं की यातून पारडं होतात का. मी सांगितलं, नाही, आठव्या दिवशी आम्ही थांबवतो, रंग घालतो आणि पेशी मोजतो. ते जरा थांबले. “सिर्फ गिनती?” म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी पुढचं गर्भाशय उचललं. माझ्या ऋणनिर्देशात आई-वडील, मार्गदर्शक आणि वसतिगृहातल्या मैत्रिणींनंतर ‘गाझीपूरचे चाचा’ असे दोन शब्द आहेत. टंकलेखकाने ती चूक समजून खुणेची रेघ मारली होती. मी ती काढायला लावली.

परवा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या एका मुलीचा फोन आला. विषय जवळपास माझाच, अंडाशय देवनारहून आणायचेत. तापमान, सलाइन, माध्यम सगळं तिने वाचलेलं होतं. मी म्हटलं, दोन थर्मास घे, एकाचं झाकण ऐन वेळी दगा देतंच. सायन-पनवेल रस्त्याला आठनंतर लागू नकोस. आणि पहिल्या दिवशी अंडाशय मागू नकोस, नुसती जाऊन उभी राहा.