नवीन संशोधन वाचताना : औंढ्याची लायगो, अंगाचा घाम आणि घरची हळद



सेनगावात प्रॅक्टिस करताना गेल्या काही वर्षांत एक बदल मी रोज पाहतो आहे. पूर्वी तपासणी झाली की रुग्ण विचारायचे, "डॉक्टर, पथ्य काय पाळू?" आता खिशातून मोबाईल निघतो आणि माझ्यापुढे येतो. "हे बघा, नवीन संशोधन आलंय." एका मेसेजमध्ये हळद सगळ्या रोगांवर रामबाण असते, दुसऱ्यात हळदीत विष असतं. दोन्ही मेसेज एकाच माणसाला, एकाच आठवड्यात आलेले असतात.

मला याचा राग येत नाही. माणसं विचारतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण "संशोधन झालंय" एवढ्यावर विश्वास ठेवायचा की आणखी काही पाहायचं, हे कळणं आता औषधाच्या वेळा कळण्याइतकंच गरजेचं झालं आहे. म्हणून आज आपल्या जिल्ह्याशी, आपल्या उन्हाशी आणि आपल्या स्वयंपाकघराशी संबंध असलेल्या काही संशोधनांबद्दल लिहितो.

एका यंत्राची साक्ष पुरत नाही

आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यातून धावणारे लेसर किरण, असं तिचं स्वरूप आहे. दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लहर येते. तिला गुरुत्वीय लहर म्हणतात. ती मोजायची म्हणजे 4 किलोमीटरच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक ओळखायचा.

अशा नाजूक यंत्राला रस्त्यावरचा ट्रकही हलवतो. मग लहर खरी की ट्रक, हे ओळखायचं कसं? म्हणून अमेरिकेत एकमेकांपासून सुमारे 3,000 किलोमीटरवर दोन वेधशाळा बांधल्या. 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर आली, ती एका ठिकाणी नोंदली गेली आणि साधारण 7 मिलिसेकंदांनी दुसऱ्या ठिकाणी, तशीच्या तशी. तरीही शास्त्रज्ञांनी लगेच पेढे वाटले नाहीत. पाच महिने तपासणी केली आणि 11 फेब्रुवारी 2016 रोजी जाहीर केलं.

याच वेधशाळांनी जानेवारी 2025 मध्ये आणखी एक लहर पकडली, फार स्पष्ट. तिच्यावरून स्टीफन हॉकिंग यांचं 1971 चं एक गणित तपासता आलं. दोन कृष्णविवरं एक झाली तर नव्या विवराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी होऊ शकत नाही, असं ते गणित सांगतं. आधीची बेरीज सुमारे 2,40,000 चौरस किलोमीटर होती, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. नंतर झालं सुमारे 4,00,000, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त. गणित मांडल्यापासून भक्कम पुरावा मिळेपर्यंत 54 वर्षं गेली.

यातून रुग्ण म्हणून तुम्ही एवढंच घ्या : एका यंत्राची नोंद, एका माणसाचा अनुभव, एका आठवड्याची बातमी हा पुरावा नसतो. ती फक्त सुरुवात असते.

माठ, कूलर आणि आपलं अंग

कृष्णविवराचा हा नियम उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचा जुळा भाऊ आहे. तो दुसरा नियम आपल्याला घरोघरी भेटतो : उष्णता आपोआप गरमाकडून गाराकडेच जाते, उलटी जात नाही.

आता हे अंगाला लावून पाहा. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीरही साधारण 100 वॉटच्या बल्बएवढी उष्णता तयार करत असतं. आपली त्वचा साधारण 35 अंशांवर असते. बाहेर 28 अंश असेल तर ही उष्णता सहज निघून जाते. पण एप्रिल-मे महिन्यात बाहेर 43 अंश असतात तेव्हा नियमाप्रमाणे उष्णता बाहेरून अंगात येऊ लागते. तेव्हा एकच वाट उरते, घाम वाळण्याची. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता गळून पडलेला घाम काही घेऊन जात नाही. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, आणि पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून माठ आणि कूलर दोन्ही हात टेकतात, त्याचं कारण हेच.

थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून, वारा देऊन जे तापमान मिळतं त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. माठ जास्तीत जास्त किती गार होईल, ते यावरून कळतं. 2010 मध्ये शास्त्रज्ञांनी गणितानं सांगितलं की हे तापमान 35 अंशांवर गेलं तर निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरणार नाही. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांना तापत्या खोलीत हलकं काम देऊन प्रत्यक्ष मोजलं. 2022 मध्ये निष्कर्ष आला : दमट हवेत मर्यादा 31 अंशांच्या आसपासच आहे. कोरड्या, कडक उन्हात तर वेट बल्ब तापमान 25 ते 28 अंश असतानाच शरीराचा तोल सुटला, कारण घाम तयार करण्याचा वेगच कमी पडला. वयस्कर माणसांची मर्यादा याहून खाली आहे, हेही नंतर दिसलं.

आपल्याकडचं ऊन बहुतेक कोरडं. अंगावरचा घाम लगेच वाळतो, त्यामुळे "मला घामच येत नाही, मला ऊन बाधत नाही" असं माणसं सांगतात. घाम येत असतो, तो फक्त दिसत नाही, आणि अंगातलं पाणी संपत असतं. त्यात आपल्याकडे उन्हं तापू लागतात तेव्हाच हळद शिजवायचं काम असतं. वर ऊन, पुढ्यात वाफ, आणि अंगमेहनत. अशा दिवसात तहान लागायची वाट पाहू नका. शिजवणीचं काम पहाटे आणि संध्याकाळी घ्या. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच, पूर्ण पाण्यात मिसळा. हृदयाचे, किडनीचे रुग्ण असाल तर किती पाणी प्यायचं ते आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हवा 40 अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा गरम वाराच मारतो, आधी अंग ओलं करा. आणि उन्हातला माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकत वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतू नका.

पिवळेपणाची किंमत

आता हळद. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद आपल्या जिल्ह्याचं नाव आहे आणि अनेक घरांचं वर्षाचं गणितही. म्हणूनच पुढचं संशोधन आपण सगळ्यात काळजीपूर्वक वाचायला हवं.

2020 च्या डिसेंबरपासून 2021 च्या मार्चपर्यंत भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या 23 शहरांतून हळदीचे 356 नमुने गोळा केले गेले. त्यांतल्या 51 नमुन्यांत, म्हणजे 14 टक्के नमुन्यांत, ग्रॅममागे 2 मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं सापडलं. पाटणा, कराची आणि पेशावर इथल्या काही नमुन्यांत ते 1,000 मायक्रोग्रॅमच्या वर होतं. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा 10 आहे. हे शिसं मातीतून आलं असेल, असं कुणी म्हणेल. पण जास्त शिसं असलेल्या नमुन्यांत शिसं आणि क्रोमियम यांचं प्रमाण जवळजवळ एकास एक निघालं. लेड क्रोमेट या पिवळ्याधमक रंगात नेमकं हेच प्रमाण असतं. म्हणजे रंग कुणीतरी घातला होता.

शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नसतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर, अभ्यासावर, वागण्यावर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. वाईट म्हणजे, सुरुवातीला मूल आजारी दिसतच नाही.

पण हे थांबवता येतं. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के हळदीत शिसं सापडत होतं. लोकांना सांगितलं, व्यापाऱ्यांना सांगितलं, दंड केले, आणि 2021 मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं.

आपण काय करायचं? हळद शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून, पॉलिश न केलेलं हळकुंड घेऊन गिरणीत दळून आणायची. फार झगझगीत पिवळ्या हळकुंडाचा मोह धरायचा नाही. हळकुंड स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टाकल्याबरोबर रंग सुटू लागला तर ते वापरू नका. ही घरगुती चाचणी आहे, शेवटचा निकाल प्रयोगशाळेचाच. आणि शेतकरी बांधवांना सांगणं असं, की रंगासाठी गिऱ्हाईक अडून बसत असेल तर त्याला हीच गोष्ट समजावा. चांगल्या हळदीला बाहेरच्या रंगाची गरज नाही.

भाजीतली हळद आणि बाटलीतली हळद

मागे एक गृहस्थ कावीळ घेऊन आले. दारू नाही, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह. सगळी औषधं विचारली, "काहीच नाही" म्हणाले. सोबत आलेली सूनबाई हळूच म्हणाली, "मामा, ती हळदीची कॅप्सूल?" गुडघ्यासाठी दोन महिने चालू होती. हळदच ती, तिला औषध काय म्हणायचं, असं त्यांना वाटलं होतं. कॅप्सूल बंद केली, लिव्हरच्या तपासण्या करत राहिलो आणि काही आठवड्यांत कावीळ उतरली.

ती कॅप्सूलमुळेच झाली असं मी छातीठोक म्हणणार नाही. एक रुग्ण म्हणजे एक वेधशाळा. पण दुसरीकडून नोंद आलेली आहे. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणीत हळदीच्या गोळ्यांमुळे झालेले 10 रुग्ण 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतला एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुक सापडलं. काही गोळ्यांत काळ्या मिरीचा अर्कही होता. हा अर्क का घालतात? 1998 मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये दिसलं की मिरीतल्या पायपरिनमुळे हळदीतलं कर्क्युमिन माणसाच्या रक्तात सुमारे 20 पट जास्त शोषलं जातं. भाजीतली चिमूटभर हळद आणि हा डोस, यांची तुलनाच होत नाही.

तेव्हा घरची हळद बिनधास्त खा. कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नको. आणि घेत असाल, आणि लघवी गडद होऊ लागली, भूक मेली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी बंद करून तपासणीला या.

पुढच्या वेळी "नवीन संशोधन" असा मेसेज आला की तीन गोष्टी पाहा. ते माणसांवर झालंय की उंदरांवर? किती माणसांवर? आणि दुसऱ्या कुणी, दुसरीकडे, तेच पाहिलंय का? उत्तर सापडत नसेल तर मोबाईल घेऊन जरूर या, मी वाचून सांगेन. फक्त येताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्ण आणि काढ्याच्या बाटल्याही पिशवीत घालून आणा. "औषध नाही ते" असं वाटणाऱ्या वस्तू सगळ्यात आधी.