आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं

यंत्रांविषयीं आपल्या लोकांत एक समजूत चांगलीच मुरलेली आहे. यंत्राचा जो भाग काय काम करतो हें आपणांस ठाऊक नाहीं, तो भाग नसला तरी चालेल, अशी ती समजूत होय. मोटारीच्या इंजिनांतील थर्मोस्टॅट नांवाच्या चिमुकल्या वस्तूस या समजुतीचा जितका जाच झाला असेल, तितका दुसऱ्या कोणत्याही भागास क्वचितच झाला असेल. "आपला देश उष्ण. थंड मुलखांतल्या लोकांना तो लागतो. आपल्याला काय करायचा?" हें वाक्य निरनिराळ्या गांवच्या मिस्त्र्यांच्या तोंडून आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें आम्हांस सुभाषितासारखें पाठ झालें आहे. या सुभाषिताची पारख करण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आमच्या घरच्या व्हॅनमुळें आला. ज्या घरांत एकच जुनी गाडी सर्वांच्या कामीं येते, अशा घरांतील वाचकांस ती हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

आमची गाडी मारुतीची ओम्नी. ही गाडी १९८४ सालीं प्रथम आली तेव्हां तिला नुसती 'व्हॅन' असेंच म्हणत. ओम्नी हें नांव मागाहून पडलें. २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें, म्हणजे आतां गेलेली गाडी पुन्हां नवी मिळावयाची नाहीं. ७९६ घन सेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें तिचें इंजिन पुढच्या आसनांखालीं असतें. त्यामुळें इंजिनास ताप भरला कीं त्याची बातमी चालविणारास कांट्याच्या आधीं आसनाकडून कळते! गाडीचें रूप किंवा वेग यांविषयीं अभिमान बाळगण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. परंतु आमच्या काकूंचें वय चौऱ्यायशीं. गुडघे अगदींच गेलेले. सरकत्या दाराच्या या गाडींत त्या कोणाचाही हात न धरतां, आधीं बसून आणि मग पाय आंत घेऊन चढतात. दुसऱ्या कोणत्याही गाडींत त्यांस उचलून बसवावें लागतें, व उचलून घेण्यापेक्षां घरीं बसणें बरें, असा त्यांचा बाणा आहे. तेव्हां व्हॅन राहणें किंवा जाणें हा आमच्या घरीं केवळ हिशेबाचा प्रश्न नव्हता.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास गेलों होतों. परत येतांना चिपळूण सोडून कुंभार्ली घाट चढूं लागलों. सात माणसें, फणस, आंबे आणि ट्रंका, वर दुपारचें ऊन. निम्म्या चढावर तापमानाचा कांटा तांबड्या खुणेस भिडला. गाडी सावलीला उभी केली तों खालून वाफेचा फुत्कार ऐकूं येऊं लागला. धाकट्या बंधूंचे चिरंजीव पाण्याची बाटली आणि हातरुमाल घेऊन रेडिएटरचें झांकण उघडावयास निघाले. काकू आंतूनच ओरडल्या, "अरे, शिट्टी न पडलेला कुकर कोणी उघडतं का?" मुलगा थबकला, आणि त्याचे हात व तोंड वांचलें.

काकूंचा हा दृष्टांत शब्दशः खरा आहे. रेडिएटरचें झांकण म्हणजे नुसतें बूच नव्हे. कुकराच्या शिट्टीप्रमाणें तें आंतील दाब धरून ठेवतें. आमच्या गाडीच्या झांकणावर ०·९ असा आंकडा आहे. हवेच्या नेहमींच्या दाबाहून इतका अधिक दाब असला म्हणजे साधें पाणी समुद्रसपाटीस १०० ऐवजीं सुमारें ११९ अंशांवर उकळतें. अशा वेळीं झांकण काढलें कीं दाब एका क्षणांत नाहींसा होतो, आणि शंभराच्या वर तापलेल्या पाण्याची एकदम वाफ होऊन ती उघडणाराच्या अंगावर येते. तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडूं नये. इंजिन बंद करावें, आणि वरची रबरी नळी हातास सोसेल इतकी निवेपर्यंत बसून राहावें. तहानलेल्या इंजिनांत गार पाणी भसकन ओतणेंही तितकेंच वाईट. त्यानें धातूस तडा जाण्याची भीति असते. आम्ही पाऊण तास बसलों, मग पाणी घातलें, आणि थांबत थांबत पुण्यास पोंचलों.

घरीं सभा भरली. बंधूंचें म्हणणें, गाडी मोडीत काढावी. मिस्त्र्यांचें म्हणणें, थर्मोस्टॅट अडकला असावा. तो काढून टाकला कीं घाटांत पुन्हां त्रास नाहीं. काकू कांहींच बोलल्या नाहींत, व त्यांचें तें न बोलणेंच आम्हांस सर्वांत जड गेलें. आम्हीं सुचविलें कीं, आरोपीस शिक्षा करण्यापूर्वीं त्याची चौकशी व्हावी.

थर्मोस्टॅटचें काम काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिच्यांतील लहानसा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीच्यांपैकीं बरीचशी धुराबरोबर जाते आणि बरीचशी पाण्याच्या वाटेनें बाहेर काढावी लागते. पंप हें पाणी इंजिनाभोंवतीं फिरवितो. इंजिन गार असतां थर्मोस्टॅट आपलें दार लावून बसतो, म्हणून पाणी आंतल्या आंत फिरून लवकर तापतें. ठरलेल्या उष्णतेस, आमच्या गाडींत ८२ अंशांस, तो दार किलकिलें करतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊं लागतें. उष्णता जसजशी वाढते तसतसें दार अधिक उघडतें. म्हणजे हा हिंवाळ्यापुरता नेमलेला नोकर नव्हे. जानेवारी असो कीं मे, इंजिनास मानवणारी उष्णता राखणें हें त्याचें काम आहे, आणि तें इंजिन पुण्यांत आहे कीं लंडनांत याची त्यास पर्वा नाहीं.

थर्मोस्टॅट हें नांव १८३० सालचें. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञानें दोन धातूंच्या पट्टीच्या आपल्या उपकरणास तें दिलें. मोटारींत आरंभीं पातळ धातूच्या भात्यांत लवकर वाफ होणारा द्रव भरून हें काम साधीत. आज वापरांत असलेली मेणाची युक्ति सर्जियस व्हर्नेट यांनीं १९३४ सालीं काढली. धातूच्या बोटभर डबींत मेण कोंडलेलें असतें. वितळतांना तें फुगतें, एका दांडीस रेटतें, आणि दार उघडतें. निवलें कीं मेण आकसतें आणि स्प्रिंग दार लावते. ना वीज, ना तार; देवघरांतील मेणबत्तीचाच हा एक उद्योगी भाऊबंद म्हणावयाचा!

इतकें विवेचन ऐकून मिस्त्र्यांनीं पुढचें आसन उचललें, नळी सोडविली, आणि थर्मोस्टॅटचें घर उघडलें. पाहतात तों आंत कोणीच नाहीं! घर रिकामें. केव्हां तरी, कोणत्या तरी कारखान्यांत, याच सुभाषिताच्या आधारें आरोपीचा निकाल आधींच लागून गेलेला होता. जो जाग्यावरच नाहीं त्याच्यावर घाटांतल्या अपराधाचा आळ घेऊन त्यास पुन्हां हांकलून द्यावयास आम्ही सर्व जमलों होतों. मिस्त्री प्रामाणिक गृहस्थ, ते हंसले आणि म्हणाले, "मग तापली कशानं?" खरा प्रश्न हाच होता, आणि तो प्रथमच कोणी विचारला.

थर्मोस्टॅट नसल्यानें गाडीचें बरें झालें नव्हतें, हें तर उघडच झालें. वाईट मात्र झालें होतें. हिंवाळ्यांत पहाटे स्टेशनावर जातांना तिचा कांटा कितीतरी वेळ तळाशींच पडून राही. पेट्रोलाचा फवारा इंजिनाच्या उष्णतेकडे पाहून मोजला जातो. इंजिन गार आहे असें कळलें कीं फवारा वाढतो. गार इंजिनांत तेल दाट राहतें, त्यांत पाण्याचा अंश साठतो आणि झीज वाढते. चार पैशांची वस्तु काढून टाकल्याचा दंड अशा रीतीनें मुकाट्यानें भरला जात होता.

मग एकेक भाग तपासावयास घेतला. पहिलें झांकण. दाब मोजण्याच्या हातपंपावर तें लावून पाहिलें, तों ०·९ च्या निम्म्यापर्यंतही पोंचण्यापूर्वींच त्यानें दम सोडला. आंतील रबरास भेगा पडल्या होत्या. झांकणास दुसरी एक उलट वाट असते. इंजिन निवलें म्हणजे बाटलींत गेलेलें पाणी तिच्यांतून परत ओढलें जातें. झांकण बिघडलें कीं पाणी परत येत नाहीं. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र उपाशी असतो. म्हणून इंजिन गार असतांना प्रत्यक्ष रेडिएटरांत डोकावून पाहावें.

दुसरा पंखा. घाटांत गाडी मंद चालते, समोरून वारा मिळत नाहीं, तेव्हां सर्व भिस्त पंख्यावर. पाणी ठराविक मर्यादेपर्यंत तापलें कीं एक स्विच त्यास चालूं करतो. त्या स्विचाच्या तारा काढून एकमेकींस जोडल्या, तों पंखा भिरभिरूं लागला. म्हणजे पंखा निर्दोष, दोष स्विचाचा. आजपर्यंतच्या रिवाजानें गेलों असतों तर पंखाच नवा घेतला असता आणि तोही तसाच निजून राहिला असता. तिसरा रेडिएटर. त्यांत बोअरचें पाणी पडत आल्यानें नळ्यांस आंतून पांढरा क्षार धरला होता, जसा आपल्या बंबास धरतो. तो धुऊन काढला. पंप, त्याचा पट्टा व रबरी नळ्या पाहिल्या, त्या चांगल्या निघाल्या. त्यांस हात लावला नाहीं.

शेवटीं नवा थर्मोस्टॅट आणला. नवी वस्तु चांगलीच असते हाही एक भ्रमच. म्हणून ती बसविण्यापूर्वीं पारखावयाचें ठरलें. आम्ही स्वयंपाकघरांत पातेलें मागावयास गेलों, तों वहिनींनीं साफ नकार दिला. "मोटारीचं काही माझ्या पातेल्यात यायचं नाही," असें म्हणून त्यांनीं एक जुना डबा काढून दिला. वहिनींचें बरोबर होतें. कूलंटमध्यें एथिलीन ग्लायकोल असतें. तें चवीस गोड पण विषारी असतें. मुलें आणि कुत्रीं त्यास भुलतात. सांडलेलें तसेंच ठेवूं नये, आणि तो लागलेलें भांडें पुन्हां अन्नास लावूं नये.

थर्मोस्टॅटच्या मिटल्या दारांत एक दोरा अडकविला आणि त्या दोऱ्यानेंच तो डब्यांतील पाण्यांत लोंबत सोडला; तळास टेकूं दिला नाहीं, कारण तळ पाण्याहून अधिक तापतो. शेजारीं पुतणीच्या प्रयोगशाळेंतील तापमापक. पाणी हळूहळू तापविलें. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच असल्यानें येथें पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतें, तरी एवढ्या परीक्षेस तें पुरतें. घरांतील लहानथोर सारीं डब्याभोंवतीं उभीं होतीं. ऐशीं झाले, एक्यायशीं झाले. ब्यायशींवर पारा आला आणि दोरा आपोआप सुटून थर्मोस्टॅट तळाशीं टुपदिशीं पडला. उकळी येईपर्यंत दार चांगलें बोटाच्या पेरभर उघडलें, आणि डबा निवतांच पुन्हां मिटलें. मुलांनीं टाळ्या पिटल्या.

मिस्त्र्यांनीं तो मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस येईल असा, नव्या गॅस्केटसह बसविला. शुद्ध केलेलें पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे भरलें, आणि इंजिन चालूं ठेवून आंतली हवा निघून जाऊं दिली. कारण हवेचा बुडबुडा अडकला तर चांगल्या थर्मोस्टॅटभोंवतींही पाणी पोंचत नाहीं. बदललेल्या वस्तु एकंदर तीन: झांकण, स्विच आणि थर्मोस्टॅट. रेडिएटर नुसता धुतला. या सर्वांचा खर्च नव्या पंख्याच्या निम्म्यानेंही आला नाहीं, आणि गाडी मोडीत काढण्याची गोष्ट पुन्हां कोणी काढली नाहीं.

यंदाच्या मे महिन्यांत तीच माणसें, तसेच फणस आणि तोच घाट. कांटा मध्याच्या किंचित् खालीं येऊन बसला तो तेथेंच राहिला. मधून मधून समोर पंखा सुरू झाल्याचा आवाज येई. माथ्यावर पोंचल्यावर आम्हीं काकूंस विचारलें, आसन तापलें काय? त्या म्हणाल्या, "छे! पण तुमच्या त्या मेणाला जरा विश्रांति द्या, चहा घेऊ."