मोदकपात्र थांबेल

पुणे,
नागपंचमी

तीर्थस्वरूप मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र परवा पोचलं. मी ते दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी. सुईत दोरा ओवायला चार-चार वेळा प्रयत्न करावा लागतो, पोलक्याची हुकं लावताना वेळ मोडतो, स्टीलचा पेला दोनदा हातून निसटला, असं तू लिहिलं आहेस. आणि अगदी शेवटी, ‘हा कंपवात तर नसेल ना? असो. पुढचं पत्र नातवाकडून लिहून घेईन.’ ते ‘असो’ माझ्या मनातून जात नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. फिजिओथेरपीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं हाच विषय शिकवते, आणि घरातल्या माणसाला मात्र त्यातलं कधी काही सांगितलं नाही.

आधी कंपवाताचं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 साली या आजाराचं वर्णन लिहिलं. तो बहुधा एका बाजूने सुरू होतो. हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो, चालताना त्या बाजूचा हात हलेनासा होतो, अंग ताठरतं, आणि पुष्कळांचं अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं. तुझ्या पत्रात शिरोरेघ थोडी डगमगते हे खरं, पण शेवटची ओळ पहिल्या ओळीइतकीच मोठी आहे. तुझे दोन्ही हात सारखेच मंदावलेत, आणि तेही हळूहळू, काही वर्षांत. हे मला वयाचं वाटतं. तरी पत्रावरून निदान होत नसतं, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवून ये. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड झाली, तर ते वय नव्हे. तेव्हा घटकाभरही वाट न पाहता इस्पितळात जायचं.

आता वयाने नेमकं काय होतं ते सांगते. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात, आणि त्यांना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी मज्जारज्जूत. साठीनंतर या पेशी हळूहळू कमी होत जातात. एकेका पेशीच्या ताब्यात स्नायूचे काही तंतू असतात. पेशी गेली की ते पोरके होतात, आणि शेजारची पेशी आपली फांदी वाढवून त्यांतल्या काहींना पदरात घेते. घर चालू राहतं, पण आता एका हुकमासरशी पूर्वीपेक्षा जास्त तंतू एकदम आखडतात. पूर्वी जोर बारीक पायऱ्यांनी वाढायचा, तो आता मोठ्या पायऱ्यांनी वाढतो. पाण्याची बादली उचलताना हे जाणवत नाही. नेढ्यापाशी दोरा स्थिर धरताना जाणवतं.

पेल्याची गोष्ट वेगळी आहे. आपण वस्तू उचलतो तेव्हा ती निसटू नये एवढा, आणि वर थोडासाच, जोर हात लावतो. वस्तू कणभर घसरली तरी बोटांच्या कातडीतल्या सूक्ष्म संवेदकांना ते कळतं, आणि आपल्या ध्यानात यायच्या आतच पकड घट्ट होते. स्वीडनमधल्या उमेओ इथे 1984 च्या सुमारास रोलांड योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे फार बारकाईने मोजलं. वय वाढतं तसे हे संवेदक विरळ होतात, कातडी कोरडी आणि गुळगुळीत होते. बातमी पुसट येऊ लागली की मेंदू सावध होतो आणि गरजेपेक्षा जास्त आवळून धरतो. पत्र लिहून झाल्यावर तुझा आंगठा दुखतो तो म्हणूनच. पेन तू पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट धरत असणार.

आणि आता मेंदू. हे मला तुझ्याशेजारी बसून सांगायला आवडलं असतं. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा अगदी सौम्य स्पर्श करत आणि शरीराचा कुठला भाग हलतो ते टिपून ठेवत. 1937 मध्ये त्यांनी ते नकाशासारखं मांडलं. त्यात पाठ-पोटाला चिंचोळी पट्टी, आणि हाताला भलंमोठं वतन! उजवा हात डाव्या मेंदूच्या अखत्यारीत, डावा उजव्याच्या. तरुणपणी उजव्या हाताची साधी हालचाल मुख्यतः डावा मेंदू करतो आणि उजव्याला गप्प बसवतो. मेंदूच्या या दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारा चेतातंतूंचा जाड पूल आहे, त्यावरूनच ‘तू थांब’ हा निरोप जातो.

साठी-सत्तरीतल्या माणसाला स्कॅनरमध्ये झोपवून तीच हालचाल करायला सांगितली तर मेंदूचे दोन्ही अर्धे भाग जागे झालेले दिसतात. शिवाय पुढच्या बाजूचे, लक्ष देण्याचे आणि बेत आखण्याचे भागही कामाला लागतात. पापडाच्या दिवशी आळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात ना, तसं. काही अभ्यासक म्हणतात, हा निरोपाचा पूल जुना झाल्याचा परिणाम, ‘तू थांब’ नीट पोचत नाही एवढंच. त्यात तथ्य आहे. पण बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांना 2008 साली असं दिसलं की हातापायांच्या अवघड हालचाली करताना ज्या वृद्धांच्या मेंदूतले असे जादा भाग जास्त कामाला लागत होते, त्यांचंच काम जास्त चांगलं होत होतं. म्हणजे निदान काही वेळा तरी ही गर्दी मदतीला आलेली असते.

या मदतीची किंमतही द्यावी लागते. जे काम पूर्वी हात आपसूक करायचा, त्यात आता मन घालावं लागतं. म्हणून चहा गाळताना मी तुला काही विचारलं की चहा बशीत सांडतो. तो तुझा वेंधळेपणा नव्हे. एकच लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलं, एवढंच. आपण बोलणं एक मिनिट पुढे ढकलू. तू निवांत गाळ.

मावशी, तू कचेरीत टंकलेखिका होतीस. लहानपणी मी तुझ्या टेबलापाशी येऊन बसायची. तुझी बोटं खटखट चाललेली असायची आणि डोळे डावीकडच्या मसुद्यावर, बोटांच्या कितीतरी पुढे. स्टेन्सिल कापताना तू एकदाही मागे वळून पाहायची नाहीस. तुझ्यासारख्यांवरच एक सुंदर अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या टिमथी सॉल्टहाउस यांनी विशीपासून सत्तरीपर्यंतचे टंकलेखक तपासले आणि 1984 साली निष्कर्ष मांडले. वयस्कर टंकलेखकांची बोटं मंद झाली होती, खूण दिसल्यावर कळ दाबायला त्यांना जास्त वेळ लागत होता. तरी टंकलेखनाचा वेग तरुणांइतकाच होता! कारण त्यांची नजर मसुद्यात जास्त पुढे पळत होती. येणारं अक्षर त्यांना आधीच ठाऊक असायचं, त्यामुळे बोटांना तयारीला सवड मिळायची. बोटांनी गमावलेलं नजरेने भरून काढलं.

आणि हे हातात काम राहिलं तरच टिकतं. बर्लिनमध्ये क्राम्प आणि एरिक्सन यांनी पियानोवादकांचा अभ्यास करून 1996 मध्ये लिहिलं की इतर बाबतीत वयाप्रमाणे मंदावलेले वृद्ध कलावंतसुद्धा वादनात फारसे मागे पडले नव्हते, आणि उतारवयात कोण किती टिकून आहे ते त्याने रियाज किती चालू ठेवला यावर ठरत होतं. हाम्बुर्गमध्ये साठीच्या आसपासच्या माणसांना तीन चेंडू झेलत राहायला शिकवलं. तरुणांइतके ते तरबेज झाले नाहीत, पण जे शिकले त्यांच्या मेंदूचे काही भाग तीन महिन्यांत किंचित वाढलेले दिसले. साठीत!

आता जे सांगण्यासाठी इतकं लिहिलं ते सांगते. गेल्या गणपतीत आपण मोदक करत होतो. माझे अकरा झाले होते, तुझे चार. तू पारीला एकेक कळी पाडत होतीस, प्रत्येक चिमटीनंतर क्षणभर थांबत होतीस. पाणी उकळत होतं, आरतीची वेळ झाली होती, आणि मी म्हणाले, ‘राहू दे मावशी, तू दमलीस, मी करते.’ तुझ्यापुढचं ताट मी उचललं. तू काही बोलली नाहीस. पदराला हात पुसलेस आणि ओसरीवर जाऊन बसलीस. मला तेव्हा वाटलं, मी तुझी काळजी घेतली.

ती काळजी नव्हती, घाई होती. तुझे चार मोदक माझ्या अकरांहून देखणे होते, प्रत्येकाच्या कळ्या सारख्या आणि टोकं सरळ. त्या थांबण्यात तुझा अख्खा मेंदू कामाला लागला होता, आणि मी त्याच्या हातचं काम काढून घेतलं. आम्ही सगळेच असं करतो. प्रेमाने भाजी चिरायची विळी काढून घेतो, सुई काढून घेतो, रांगोळीचा डबा काढून घेतो, आणि मग म्हणतो, आता हिच्याच्याने काही होत नाही. माझं चुकलं, मावशी.

या वर्षी मी दोन दिवस आधी येते. उकड दुपारीच काढू. घरात कुणी घाई केली तर मी त्यांना सांगेन, मोदकपात्र थांबेल. एकवीस मोदक तुझ्या हातचे हवेत, उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या मी थापते. तोवर रोज दहा मिनिटं काहीतरी बारीक काम कर. वाती वळ, गजरा गुंफ, गोधडीला चार टाके घाल. पेनाला कापडाची पट्टी गुंडाळ, म्हणजे ते जाड होईल आणि इतकं आवळावं लागणार नाही. सुई ओवायला खिडकीशी उजेडात बस.

आणि या पत्राचं उत्तर नातवाकडून नको. चार ओळी लिहिल्यास तरी चालतील, दोन दिवस लागले तरी चालतील. डगमगत्या शिरोरेघेखाली का होईना, मला तुझंच अक्षर हवं आहे.

काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
भाची