समेटाचे चर्च

बर्लिनला गेलेला आपला माणूस हटकून ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे उभा राहून फोटो काढून घेतो, काचेच्या घुमटात चढून पार्लमेंट पाहतो आणि भिंतीचा एखादा रंगवलेला तुकडा दृष्टीस पडला, की बर्लिन पाहून झाले असे समजतो. त्यात त्याचा काही दोष नाही. मुंबई पाहायला आलेला पाहुणा तरी गेटवे आणि राणीची बाग यांखेरीज कुठे जातो? पण हातात एक दुपार मोकळी असेल, तर बेर्नाउअर रस्त्यावर जरूर जावे. माझा भाचा त्या शहरात नोकरीला आहे. धर्माधर्मांतल्या भांडणांवर मी त्याच्यापुढे व्याख्यान सुरू केले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, एकाच धर्मातली माणसे राजकारणावरून कशी भांडली, आणि तरी एकमेकांना कशी धरून राहिली, ते पाहायचे असेल तर चला." आणि जुलैतल्या एका सकाळी त्याने मला ट्रॅममध्ये बसवून तिथे नेले.

रस्ता म्हणाल तर साधा. एका बाजूला चार-पाच मजली घरे, दुसऱ्या बाजूला मोकळे गवत, आणि गवताच्या कडेने गंजलेल्या लोखंडी खांबांची लांबच लांब रांग. भिंत गेली होती ती याच रेषेवरून. युद्धानंतर शहराचे विभाग पाडले गेले, तेव्हा या रस्त्याच्या वाट्याला एक चमत्कारिक नशीब आले. एका बाजूची घरे पूर्व बर्लिनमध्ये आणि त्यांच्या दारापुढची फरसबंदी पश्चिम बर्लिनमध्ये! म्हणजे माणूस घराबाहेर पडला, की परक्या हद्दीत. १३ ऑगस्ट १९६१ रोजी सीमा बंद झाली. मग दारे चिणली गेली, खिडक्या चिणल्या गेल्या. त्या चिणून होईपर्यंत लोक खिडक्यांतून उड्या टाकत होते. २२ ऑगस्टला इडा सीकमन नावाची बाई तिसऱ्या मजल्यावरून अशीच पडली आणि दगावली. भिंतीने घेतलेला तो पहिला बळी. पुढे २८ वर्षांत बर्लिनच्या भिंतीपाशी निदान १४० माणसे मेली.

याच रस्त्यावर १८९४ मध्ये प्रॉटेस्टंट पंथीयांनी विटांचे एक उंच मनोऱ्याचे चर्च बांधले होते. त्याचे नाव 'समेटाचे चर्च'. नाव ठेवणाऱ्यांना पुढचे काय ठाऊक! भिंत आली तेव्हा चर्च पूर्वेत अडकले आणि त्याच्या मंडळीतली बहुतेक कुटुंबे राहिली पश्चिमेत. ऑक्टोबर १९६१ पासून पूर्वेकडच्यांनाही तिथे उपासना करता येईना. दोन भिंतींच्या मधल्या, ज्याला लोक मृत्युपट्टा म्हणत, त्या ओसाड पट्ट्यात ते एकटे उभे राहिले. समेटाच्या मनोऱ्याचा उपयोग सीमेवरचे शिपाई टेहळणीसाठी करू लागले. पश्चिमेकडच्या मंडळीने १९६५ मध्ये रस्त्याच्या अलीकडे नवे सभागृह बांधले. रोज समोर आपले चर्च दिसावे, आणि पाऊल मात्र टाकता येऊ नये! पुढे पूर्वेकडच्या चर्चश्रेष्ठींनी दुसऱ्या जागेच्या मोबदल्यात ती जमीन सरकारला दिली, आणि जानेवारी १९८५ मध्ये सुरुंग लावून आधी इमारत आणि काही दिवसांनी मनोरा पाडण्यात आला.

आता कुणी म्हणेल, यात राजकारणाने धर्मावर केलेली जबरदस्ती दिसते. श्रद्धावंतांचे आपसांतले भांडण कुठे आहे? तेच सांगायचे आहे. भिंत विटांची होण्याआधी चर्चच्या सभागृहांत ती शब्दांची होती.

ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्टला जर्मन प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी आपल्या अपराधाची कबुली देणारे एक निवेदन काढले. हिटलरच्या काळात आपण पुरेशा धैर्याने बोललो नाही, असा त्याचा आशय. त्याखाली सही करणाऱ्यांत बर्लिनचे बिशप ओटो डिबेलिउस होते, छळछावणीत वर्षे काढलेले पाळक मार्टिन नीम्योलर होते आणि गुस्टाफ हाइनेमान नावाचे वकील होते. तिघांची श्रद्धा एक, पश्चात्तापही एक. पण पाच वर्षे झाली नाहीत तोच पश्चिम जर्मनीने पुन्हा सैन्य उभारावे की नाही, हा प्रश्न आला. हाइनेमान त्या वेळी गृहमंत्री होते. सैन्य नको म्हणून त्यांनी १९५० मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नीम्योलर त्यांच्या बाजूचे. डिबेलिउसांनी मात्र १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सैन्यात पाळक नेमण्याच्या करारावर चर्चतर्फे सही केली. त्या सहीची किंमत मोजावी लागली पूर्वेकडच्या बांधवांना. हे चर्च शत्रूच्या सैन्याचे चर्च आहे, असे म्हणायला तिथल्या कम्युनिस्ट सरकारला आयते निमित्त मिळाले.

आणि मग आले १९५८ साल. मार्चमध्ये पश्चिम जर्मनीच्या पार्लमेंटाने आपल्या सैन्याला अण्वस्त्रे वाहून नेणारी साधने देण्याच्या बाजूने कौल दिला. एप्रिलच्या अखेरीस दोन्ही जर्मनींतल्या प्रॉटेस्टंट चर्चची धर्मसभा बर्लिनला भरली. एका पक्षाचे म्हणणे, अण्वस्त्रांना गप्प राहून संमती देणे हेसुद्धा श्रद्धा नाकारणेच होय. ज्याला हे मान्य नाही त्याच्याशी आपले नाते उरत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, समोर रशियाचे बळ उभे असताना आपल्या लोकांचे रक्षण करणे हेही ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य. देवाच्या नावाने आमचा हात बांधणारे तुम्ही कोण? वाद असा होता की दोघांनाही माघार घेणे म्हणजे पाप वाटावे. चर्च दुभंगणार, अशी स्पष्ट चिन्हे दिसू लागली.

शेवटी सभेने जे लिहून दिले, त्यात तडजोडीचा गुळगुळीतपणा नव्हता. अण्वस्त्रांविषयी आमच्यातला विरोध खोल आहे, हे त्यांनी उघड मान्य केले. आणि पुढे म्हटले, की तरीही आम्ही शुभवर्तमानाच्या छायेत एकत्र राहू आणि हा विरोध दूर व्हावा म्हणून झटत राहू. लोकांनी त्याची थट्टा केली. 'असमर्थतेचे सूत्र' असे त्याला नाव पडले. थट्टेत तथ्य नव्हते असे नाही. जगाला उत्तर हवे होते, आणि सभेने उत्तर दिले नाही. पण मला राहूनराहून वाटते, की आपले एकमत नाही हे एकत्र सही करून सांगायला फार बळ लागते. एकमताचे नाटक करणे सोपे, आणि तावातावाने उठून जाणे त्याहून सोपे.

या एकीने सगळे निभावून नेले, असे सांगितले तर ते खोटे होईल. भिंत उभी राहताच बिशप डिबेलिउसांना पूर्व बर्लिनमध्ये येण्याची बंदी झाली. त्यांच्यामागून बिशप झालेल्या कुर्ट शार्फ यांना ३१ ऑगस्ट १९६१ रोजीच पूर्वेतून घालवून देण्यात आले होते. १९६९ मध्ये पूर्वेकडच्या चर्चनी आपला वेगळा संघ केला. मात्र त्या संघाच्या घटनेतच त्यांनी साऱ्या जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट बांधवांशी आपले खास नाते असल्याचे कलम घालून ठेवले! पश्चिमेतली मंडळी आणि पूर्वेतली मंडळी अशा जोड्या लावलेल्या होत्या. एका दिवसाच्या परवान्यावर पश्चिमेकडचे लोक पलीकडे जायचे, कुणाच्या तरी घरी बसून बोलायचे आणि रात्री परतायचे. पार्सले जात, पत्रे जात. १९९१ मध्ये दोन्ही बाजू पुन्हा एक झाल्या. तेव्हाही सैन्यातल्या पाळकांचा तो करार पूर्वेकडच्यांच्या घशाखाली उतरेना, म्हणून २००४ पर्यंत त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था चालू राहिली. घाई कुणी केली नाही.

पाडलेल्या चर्चच्या जागी आता एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. ९ नोव्हेंबर २००० रोजी, म्हणजे भिंत उघडली त्याच तिथीला, त्याचे उद्घाटन झाले. लंबगोल आकार, बाहेर लाकडी पट्ट्यांचा पडदा आणि आत ठोकून ठोकून घट्ट केलेल्या मातीची जाड भिंत. आपल्याकडच्या खेड्यातल्या जुन्या घराची आठवण यावी, अशी. त्या मातीत पाडलेल्या चर्चच्या विटांचे तुकडे मिसळले आहेत. भिंतीवर हात फिरवला, की ते बोटांना लागतात. बाहेर जुन्या घंटा लाकडी चौकटीत टांगल्या आहेत आणि मनोऱ्यावरचा वाकलेला क्रूसही जपून ठेवला आहे. आम्ही गेलो तेव्हा बाराची प्रार्थना होती. भिंतीपाशी मेलेल्या एका माणसाची हकिगत वाचून दाखवली गेली, मेणबत्ती लावली गेली, आणि पंधरा-वीस माणसे गप्प बसून राहिली.

मंदिराभोवती, जिथे शिपायांची गस्त चाले तिथे, राय नावाचे धान्य पेरतात. आम्ही गेलो तेव्हा कणसे पिवळी झाली होती. या धान्याची भाकर प्रभुभोजनाला वापरतात.

पण या रस्त्यावर सगळे गोडीगुलाबीचे आहे, अशी समजूत करून घेऊ नका. थोडे पुढे सोफिया मंडळीचे स्मशान आहे. भिंत गेली तेव्हा समेट मंडळीचे पाळक मान्फ्रेड फिशर म्हणाले, ती इथे थोडी तरी राखली पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीला खरे वाटणार नाही. सोफिया मंडळीचे म्हणणे, या मातीखाली युद्धात मेलेले लोक पुरलेले आहेत. त्यांच्या अंगावर ही भिंत ठेवायची नाही. १९९७ मध्ये त्यांनी आपल्या जागेतले भिंतीचे काही भाग काढून टाकले. मोकळी पडलेली ती जागा आजही दिसते. शेजारीशेजारी दोन मंडळ्या, एकच उपासना, आणि भिंतीविषयी दोन मते. गंमत अशी, की दोन्ही मते आज त्या रस्त्यावर उभी आहेत: राखलेली भिंतही आणि तिच्यातली मोकळी जागाही.

परतताना भाच्याला विचारले, "यातले बरोबर कोण होते रे?" तो म्हणाला, "मामा, इथले लोक अजून वाद घालतात." आपल्याकडे निवडणुका आल्या, की काका-पुतण्याचे बोलणे बंद होते, एका वाड्यातली दोन बिऱ्हाडे एकमेकांकडचा फराळ परत पाठवतात. मत सोडावे असे कुणीच म्हणत नाही. पण ताट परत पाठवण्यापूर्वी बेर्नाउअर रस्त्यावरच्या त्या माणसांची आठवण व्हावी, इतके वाटते. ती माणसे वाद घालीत होती आणि दिवसाचा परवाना काढून एकमेकांच्या घरीही जात होती.